गोव्यात गेम बनवणारे कुठे जमतात का? डिचोलीहून विचारतोय

माटोळी_बांधतोय

नमस्कार. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी डिचोलीचा. दिवसा इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो. रात्री जेवणं आटोपली, मुलगी झोपली की दहा ते बारा एक गेम बनवत बसतो. दोन वर्षं झाली. गोडो हे गेम बनवायचं इंजिन यूट्यूबवर बघून शिकलो, तेही आवाज बारीक करून, कारण आईला वाटतं मी ऑडिटचं काम घरी आणतो आणि तिचा तो समज मोडायची मला हिंमत नाही.

गेम चवथीच्या माटोळीचा आहे. घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं-फुलं बांधतात. नारळाची पेंड, सुपारीचा कातरो, तोरिंग, चिबूड, कवंडळं, कांगल्या, हरणं, शेरवडं, जे हाताला लागेल ते. ती माटोळी. कला व संस्कृती संचालनालय तिची स्पर्धासुद्धा भरवतं, त्यात लोक शेकड्यांनी वस्तू बांधतात. माझ्या गेममध्ये रिकामी चौकट मिळते आणि भटजी यायच्या आत ती भरायची असते. एका अंगाला वजन जास्त झालं की चौकट कलते. फार कलली की नारळ सुटतो, आणि खाली कोण बसलेला असतो ते सांगायला नको.

आतापर्यंत तीन माणसांनी खेळला. बायको म्हणाली, छान आहे. मुलगी म्हणाली, छान आहे पण उंदीर पाहिजे. चुलतभाऊ म्हणाला, "एकदम बेस्ट रे," आणि दुसऱ्या मिनिटाला खिशातून फोन काढून स्वतःचा बंदुकांचा गेम लावून बसला. या तिघांच्या भरवशावर मी आणखी किती रात्री जाळायच्या?

म्हणून विचारतोय, की गोव्यात असे एकेकटे गेम बनवणारे लोक कुठे नियमित जमतात का? पुण्या-बंगळुरूला जमतात असं वाचलंय. इथे चौकशी केली तर कुणी म्हणतं आसगाव-शिवोलीच्या बाजूला बाहेरून येऊन राहिलेले बरेच आहेत, ते आपापल्यात भेटतात. खरं सांगायचं तर तिथे जायला मी बिचकतो. कोड इंग्रजीतून लिहितो, पण चार माणसांत उभं राहून इंग्रजीतून बोलायचं म्हटलं की माझी जीभ ताळूला चिकटते. मागच्या वर्षी एका स्टार्टअप मेळाव्याला गेलो होतो. गळ्यात पट्टा घातला, नाव चिकटवलं. पहिल्याने विचारलं फंडिंग किती, दुसऱ्याने विचारलं टीम किती जणांची. मी म्हटलं, मी आणि लॅपटॉप. तो हसला, अगदी चांगलं हसला, आणि मग बोलता बोलता मागे कोण मोठं दिसतंय का ते बघू लागला. मी एक फुकटचं पेन घेऊन घरी आलो. पेन अजून चालतं.

शिवाय बसचं गणित आहेच. रविवारी संध्याकाळी म्हापशाहून डिचोलीला यायचं म्हणजे उभ्या उभ्या नवस बोलायचे.

आणि अर्धवट गेम नेला तर चालतो का? माझी चौकट अधूनमधून अंगात आल्यासारखी थरथरते. भटजींचे संवाद एकेक अक्षर उमटत येतात त्यात जोडाक्षरं आधी तुटकी दिसतात आणि मग सांधली जातात. 'क्षमा' लिहिताना आधी 'क' येतो, मग पाय मोडलेला 'क', मग एकदम 'क्ष'. भटजी तोतरे असल्यासारखं वाटतं.

---

सांतिनेजकर

गोव्यात असले गट म्हणजे किनाऱ्यावरचे शॅक. ऑक्टोबरात उभे राहतात, पाऊस आला की बांबू सोडवून आत. मी तीन बघितले. पहिल्या भेटीला तीस जण, दुसरीला बारा, तिसरीला मी आणि ज्याने बोलावलं तो. त्यानेही नंतर बंगळुरूला नोकरी धरली. तुमची माटोळीची कल्पना मात्र आवडली. डेमो कुठे टाकलात तर दुवा द्या, घरबसल्या खेळतो.

---

पर्वरी_रविवार

सांतिनेजकर, तिसऱ्या भेटीला दोघेच होतात हे खरं, पण तुम्ही चौथीला आला नाहीत.

माटोळीवाले, जमतात. आम्ही जमतो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीन ते सहा, पर्वरीला. एका मैत्रिणीचं वास्तुरचनेचं छोटं ऑफिस आहे, रविवारी बंद असतं, त्याची पुढची खोली आम्हाला मिळते. भाडं नाही. निघताना केर काढायचा आणि पंखे बंद करायचे, एवढीच अट.

इथवर यायला आम्हाला बरीच वणवण करावी लागली. सुरुवात एका कॅफेत केली. तिथे तासाला दोन कॉफ्या मागवल्या नाहीत की पोरगा येऊन टेबल पुसायला लागायचा, पुसलेलंच पुन्हा पुसायचा. मग कुणीतरी म्हणालं किनाऱ्यावर बसू, गोव्यात आहोत ना. बसलो. स्क्रीनवर स्वतःचं तोंड सोडून काही दिसेना, आणि कीबोर्डात वाळू गेली ती गेलीच. मग माझ्या घरी. माझ्या घरी पाचवी भेट झाली तेव्हा आई सकाळपासून पातळभाजी आणि मिरची भजी करत होती आणि कुणी गेम उघडेचना, सगळे खात होते. ऑफिस मिळालं आणि आमचं नशीब उघडलं. तिथे फक्त बिस्किटं.

साधारण आठ-नऊ जण असतो, पावसात पाच-सहा. फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणारी दोन मुलं, मडगावची एक मुलगी, दिवसा कसिनोच्या मशीनसाठी चित्रं काढणारा एक, साळगावचा एक जण फक्त आवाजाचं काम करतो. शिवोलीहून येणारेही दोघे आहेत. तुम्ही ज्यांना बिचकता तेच. त्यातला एक आता 'किदें म्हणटा' म्हणायला शिकलाय आणि दर वाक्याला म्हणतो, त्याचाच आम्हाला त्रास आहे. भाषेची काळजी करू नका. कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं एका ताटात असतं, आणि गेम खेळताना माणूस बोलतो कुठे?

पद्धत सांगते, कारण सगळा जीव त्यातच आहे. भाषणं नाहीत, स्लाइड नाहीत, कुणी स्वतःची ओळख करून देत नाही. ज्याचा गेम, त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवायचा आणि बाजूला बसायचं. ज्याने तो गेम कधी बघितला नाही असा माणूस खेळायला बसतो. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत बनवणाऱ्याने एक शब्द बोलायचा नाही. 'ते लाल बटण दाब' नाही, 'हे अजून व्हायचंय' नाही, आणि सुस्कारासुद्धा नाही. आमच्याकडे हात मांड्यांखाली दाबून बसायची चाल आहे, कारण हात आपोआप माऊसकडे जातात. वीस मिनिटं झाली की पाच मिनिटं खेळणारा बोलतो, मग बाकीचे. बनवणारा सगळ्यात शेवटी, आणि तोही फक्त प्रश्न विचारायला. तेव्हा अर्धवट गेम चालतो का, हा प्रश्नच नाही. पूर्ण झालेला आणलात तर आम्ही काय त्याला हार घालायचा?

आता तुमची थरथर. नारळाचं आणि हरणाच्या फुलाचं वजन खऱ्या प्रमाणात ठेवलंय का? अकाउंटंट आहात म्हणजे ठेवलंच असेल. मेख तिथेच आहे. खूप जड आणि खूप हलक्या वस्तू एकमेकींना सांध्याने जोडल्या की इंजिनाचं गणित जुळत नाही. ते प्रत्येक फेरीला थोडं चुकतं, पुढच्या फेरीत चूक भरून काढायला जातं, आणि तुम्हाला ते अंगात आल्यासारखं दिसतं. नारळ फुलाच्या शंभरपट असेल तर दहापटीवर आणा. डोळ्याला फरक कळत नाही, नारळ नारळासारखाच लोंबतो. दोरी दहा-बारा तुकड्यांची केली असेल तर तीन-चार करा. तरीही हललं तर फिजिक्सचे टिक, म्हणजे हिशोबाच्या फेऱ्या, सेकंदाला ६० असतात त्या १२० करून बघा, पण आधी वजनं. टिक वाढवणं म्हणजे गळक्या छपराखाली दुसरी बादली ठेवणं.

भटजींचं तोतरेपण त्याहून सोपं. तुम्ही गोडो ४ वर असाल, कारण गोडो ३ मध्ये देवनागरी जोडायची सोयच नव्हती. तिथे 'किती' लिहिलं तर वेलांटी उडून भलतीकडे जायची. ४ मध्ये जोडाक्षरं नीट जुळतात. पण मजकूर एकेक अक्षराने उमटवताना तो आधी कापायचा की आधी जुळवायचा, हे तुम्हाला सांगावं लागतं. लेबलच्या गुणधर्मांत 'व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर' म्हणून एक खूण आहे. मुळात ती 'जुळवणीच्या आधी' वर असते, म्हणून आधी 'क' दिसतो. ती 'जुळवणीनंतर' वर करा. भटजी एका दमात 'क्षमा' म्हणतील.

फॉन्ट कुठला वापरताय? मुक्ता वापरून बघा, मुक्त परवान्याचा आहे आणि छोट्या अक्षरातही मात्रा-वेलांट्या एकमेकांत घुसत नाहीत.

---

बांदा_ते_पर्वरी

मी सिंधुदुर्गातला, बांद्याचा. पत्रादेवीचा नाका ओलांडून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जातो, म्हणजे राज्याबाहेरचा एकुलता एक सभासद मीच. मोटारीने येतो, म्हापशावरूनच जायचं असतं. अडीचला म्हापशाच्या बसस्टँडबाहेर उभे राहा, उचलतो. येताना पुन्हा तिथेच सोडेन, आणि डिचोलीची बस मिळाली की मगच निघेन. नवस बोलायची गरज नाही.

एक सल्ला. लॅपटॉपचा चार्जर आणि तीन भोकांचा मल्टीप्लग घ्या. त्या ऑफिसात एक्स्टेंशन बोर्ड एकच आहे आणि त्यावर चहाची किटलीसुद्धा लावतात.

---

डेमो_आधी

भेटीगाठींनी काही होत नाही हो. बाजार स्टीमवर आहे, गेम विकायच्या त्या ऑनलाइन दुकानात. १०० डॉलर भरा, गेमचं पान उघडा, विशलिस्ट गोळा करायला लागा. वर्षातून तीनदा नेक्स्ट फेस्ट, म्हणजे स्टीमचा डेमोंचा महोत्सव असतो, फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर. त्यात एका गेमला एकदाच भाग घेता येतो, तेव्हा डेमो चांगला होईपर्यंत थांबा. आठ माणसांना गेम दाखवून आठ मतं मिळतात, त्यांतली सहा एकमेकांच्या विरुद्ध.

---

माटोळी_बांधतोय

पर्वरीताई, मनापासून आभार. काल रात्रीच खूण बदलली. भटजी बरे झाले. वजनांचं अगदी बरोबर ओळखलंत. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर खरा नारळ, खरी सुपारी, हरणाची फुलं मोजून तेच आकडे भरले होते. बायकोने विचारलं होतं काय करतोस, मी म्हटलं स्टॉक-चेकिंग. आता नारळ फुलाच्या दहापट आहे आणि चौकट गप्प आहे.

डेमोवाले, तुमचंही पटतं, पण १०० डॉलर म्हणजे आमच्याकडे माटोळीचं सगळं सामान आणि वर फटाके. १००० डॉलरची विक्री झाली की ते परत मिळतात हे ठाऊक आहे. पण १००० डॉलरची विक्री होण्यासाठी आधी गेम चांगला असावा लागतो, आणि तो आहे की नाही हे मला सांगणारं सध्या फक्त एक चुलतभाऊ आहे. सहा विरुद्ध मतं मिळाली तरी माझ्या मालमत्तेत सहाची वाढ.

बांदेकर, अडीचला उभा असेन. निळी छत्री.

---

माटोळी_बांधतोय
तीन आठवड्यांनंतर

काल जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण दोन वर्षांत मला माझ्या गेमबद्दल जेवढं कळलं नव्हतं तेवढं चार मिनिटांत कळलं, आणि ते ऐकायला घरात कुणी जागं नाही.

पाऊस असा की म्हापशाला छत्री उलटी झाली. बांदेकरांनी लांबूनच ओळखलं, म्हणे असा केविलवाणा माणूस गेमवालाच असणार. पर्वरीला पोचलो तेव्हा सात जण होते. टेबलावर नकाशांची भेंडोळी बाजूला सारलेली, मधोमध डब्यात फणसाचे तळलेले गरे. बिस्किटांचा नियम पावसात मोडतात म्हणे.

माझ्या आधी दोन गेम झाले. मडगावच्या मुलीचा फेरीबोटीचा. मोटारी आणि स्कूटर बोटीत रचायच्या आणि पलीकडे उतरवताना कुणी अडकायला नको. मी चोडणच्या फेरीने इतक्यांदा गेलोय की हात शिवशिवत होते, पण खेळायला मला बसवलं नाही. ज्याला त्या फेरीची सवय नाही त्यालाच बसवायचं, असं ठरलं. कसिनोत चित्रं काढणाऱ्याचा गेम भुताचा. कुलूप लागलेलं जुनं घर, मालक लिस्बनला, आणि आत फोन वाजतोय. गेम चांगला आहे, पण मी पुन्हा खेळणार नाही, आमच्या शेजारी तसंच घर आहे.

मग माझा नंबर लागला. खेळायला बसला शिवोलीचा, मूळ दिल्लीचा मुलगा. वर मी ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्यांतलाच. माटोळी हा शब्द त्याने त्याच दिवशी ऐकला. मी हात मांड्यांखाली घातले.

पहिली गोष्ट. खाली उजव्या कोपऱ्यात मी पितळी तराजू काढलाय. कुठल्या अंगाला किती भार आहे ते त्याचा काटा दाखवतो. त्या तराजूवर माझे तीन आठवडे गेले, पारड्यांच्या साखळ्यांची एकेक कडी काढली आहे. त्याने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, ती तर सजावट वाटली.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. त्याने पहिला नारळ उचलला आणि चौकटीच्या बरोब्बर मध्यावर टांगला. मी म्हटलं, ठीक आहे, शिकतोय. मग त्या नारळाच्या खाली चिबूड. त्याखाली तोरिंग. त्याखाली कातरो. एकाखाली एक, बाजारातल्या कांद्याच्या माळेसारखं, सगळं एका रेषेत. चौकट हलेल कशी? भटजी आले, 'उत्तम!' म्हणाले, ९४० गुण. त्याने वळून अगदी निरागसपणे विचारलं, "बस, इतना ही?"

मी एक शब्द बोललो नाही. पर्वरीताई साक्षीला आहेत.

दोन वर्षांत मी हजार वेळा हा गेम खेळलो असेन, आणि एकदाही मधोमध काही टांगलं नाही. का? तर आमच्या घरात तसं कुणी टांगत नाही. मधोमध लोंबलं तर देवाचं तोंड झाकतं. आजी हयात असती तर तिने मनगटच धरलं असतं. तो नियम मी गेममध्ये घातलाच नव्हता, कारण तो माझ्या हाताला होता. बायकोच्या हाताला होता, मुलीच्या हाताला होता. चुलतभावाच्याही. त्या बेस्ट म्हणणाऱ्याच्या.

पाच मिनिटं तो बोलला, बरंच उपयोगी बोलला, हिंदीत, आणि मीही हिंदीत उत्तरं दिली. माझी जीभ ताळूला वगैरे काही चिकटली नाही, विसरूनच गेलो.

मग साळगावचा आवाजवाला, जो तोवर गरे खात नुसता बसला होता. तो ख्रिश्चन, पण शेजाऱ्यांकडे लहानपणापासून चवथीला जायचा. तो म्हणाला, "पूण सकयल उबे रावून बोब मारपी खंय आसात?" खाली उभे राहून ओरडणारे कुठे आहेत?

आधी सगळे हसले, मग मी हसायचा थांबलो. माटोळी बांधताना स्टुलावर एकच जण चढतो आणि खाली पाच जण उभे असतात. "दावें घे! दावें! ना रे, मातशें उजवें! आतां वयर!" आमचे थोरले काका कधी स्टुलावर चढले नाहीत, पण चाळीस वर्षं माटोळी त्यांनीच बांधली असं ते सांगायचे. माझ्या गेममध्ये माणूस एकटा, शांतपणे, मागे बासरी लावून माटोळी बांधतो. अशी माटोळी गोव्यात कुणी बांधलेली नाही.

त्याने तिथेच फोन काढला, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि म्हणाला, ओरडा. सगळे ओरडले. बांदेकर मालवणीतून. दिल्लीवाल्याने "दावें" इतकं दिल्लीचं म्हटलं की ते तसंच ठेवलंय. मी काकांचा आवाज काढला. ते जाऊन सहा वर्षं झाली. काढता काढता मध्येच थांबावं लागलं, तेवढी पाच-सात सेकंदं कापायला सांगितली.

काल रात्री बसवून बघितलं. खालचे लोक सूचना देतात, त्यांतल्या साधारण निम्म्या बरोबर असतात. काकांच्या मात्र चुकीच्या असतात तेव्हा जास्त ठाम असतात, हे मुद्दाम तसं ठेवलं. आता काट्याकडे बघावंच लागतं, कारण विश्वास कुणावर ठेवायचा ते तोच सांगतो. आणि मधोमध टांगलं की देवाचं तोंड झाकल्याचे गुण कापतो. तराजू उचलून डावीकडे वर नेला. मोठा केला. साखळीच्या कड्या तशाच ठेवल्या, तेवढा हट्ट.

डेमोवाल्यांसाठी एक. निघायच्या वेळी फर्मागुडीच्या मुलांनी विचारलं की स्टीमचा तो अमेरिकी कराचा फॉर्म भरलाय का कुणी. दोघांनी वर्षभर नोंदणीचं पान उघडून ठेवलंय आणि त्या फॉर्मपाशी अडून बसलेत. बाकीच्यांनीही माना खाली घातल्या. मी म्हटलं, डब्ल्यू-८बेन ना, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? फळ्यावर लिहून दाखवलं. तुम्ही एकटे, कंपनी नाही, म्हणून हा फॉर्म. करदाता क्रमांकाच्या जागी आपला पॅन घालायचा. भारत आणि अमेरिकेत करार आहे, तो दावा केला तर अमेरिकेतल्या विक्रीवरच्या तुमच्या वाट्यातून १५ टक्के कापतात, केला नाही तर ३०. कापलेल्याचं क्रेडिट इथल्या विवरणपत्रात मागता येतं. वीस मिनिटं लागली. मेळाव्यातलं ते पेन वापरलं, फळ्यावर नाही, त्यांच्या वहीत. दोन वर्षं गेम बनवतोय तर कुणी माझं इतक्या लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते कशाबद्दल, तर टीडीएसच्या भावंडाबद्दल.

बस मिळाली. सव्वासातची. बांदेकर खरंच थांबले होते.

---

सांतिनेजकर

सांतिनेजहून पर्वरी म्हणजे पूल ओलांडला की झालं. पुढच्या वेळी खेळायला माणूस कमी पडला तर मी येईन. माटोळी मी बघितलेली आहे, तेव्हा तुम्हाला चालेन का?

---

पर्वरी_रविवार

सांतिनेजकर, या. तुम्हाला भुताच्या घरात बसवू.

माटोळीवाले, फॉर्मचं पुढच्या वेळी पुन्हा एकदा घ्याल का? दोन नवीन जण विचारतायत. मार्कर आणून ठेवते. आणि काकांच्या आवाजाची ती कापलेली सेकंदं आवाजवाल्याने पुसलेली नाहीत. वेगळी फाइल करून ठेवली आहे, हवी तेव्हा मागा.

---

माटोळी_बांधतोय

फॉर्मचं घेतो. फाइल राहू दे त्याच्याकडे, मागेन कधीतरी.

मुलीने उंदीर काढून दिलाय, वहीच्या कागदावर, शेपटी पानाबाहेर गेली आहे. काल गेममध्ये घातला. चौकटीवरून पळतो आणि मधूनच एखादी दोरी कुरतडतो. पहिल्याच रात्री त्याने माझा कातरो पाडला, थेट मखरावर. आई दारात उभी होती. तिने विचारलं, "हे कसलं ऑडिट?"

मग ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, त्या कवंडळाच्या जागी तोरिंग घे, दावें.